साखर वाढण्याआधीच हिशेब मांडा : कंबर, चहाचा कप आणि अर्ध्या तासाची चाल

बेळगाव : मधुमेह एका रात्रीत होत नाही. रक्तातली साखर आधी थोडी वाढते आणि काही वर्षे त्याच पातळीवर रेंगाळते. तोपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. तहान नाही, थकवा नाही, जखम चिघळणे नाही. या मधल्या अवस्थेला डॉक्टर ‘प्री-डायबेटिस’ म्हणतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर माणूस या अवस्थेत आहे असे समजतात. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ झाले की मधुमेह. रोजच्या सवयी बदलण्याचा सगळ्यात जास्त फायदा याच मधल्या काळात मिळतो, आणि आपल्याकडे नेमका हाच काळ हातचा जातो. कारण ‘मला काय झालंय?’ म्हणून कुणी तपासणीच करत नाही.

आकडे बघितले तर विषय किती जवळ आलाय ते कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक प्री-डायबेटिसमध्ये. सर्व राज्यांत वरचा नंबर शेजारच्या गोव्याचा, प्रमाण २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांमागे एकाला. उत्तर प्रदेशात हेच प्रमाण ४.८ टक्के निघाले. चोर्ला घाट उतरून नोकरी-धंद्यासाठी गोव्यात गेलेली मंडळी बेळगाव-खानापुरातल्या घरोघरी आहेत, त्यामुळे तो आकडा ‘त्यांचा’ म्हणून सोडून देता येत नाही.

‘मी तर बारीक आहे, मला कशाला होईल?’ हा समज इथे फार पक्का आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तो मोडून काढला. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलाच जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, ही आपली ठेवणच धोक्याची. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. पँटचा नंबर धरू नका, तो पोटाच्या खाली बसतो.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी गुणांची एक सोपी पद्धत काढली आहे. रक्त न काढता घरच्या घरी हिशेब होतो. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० च्या पुढे ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ असेल तर १०, १०० च्या वर २०. बायकांसाठी हेच माप दहा सेंटिमीटर खाली. बैठे काम आणि व्यायाम नाही, ३०. कष्टाचे काम किंवा व्यायाम यांपैकी एकच असेल तर २०, दोन्ही असेल तर शून्य. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह, १०. दोघांनाही असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त झाली तर धोका मोठा.

समजा, शहापुरातला एक कापड दुकानदार. वय ४५, कंबर ९४, दिवसभर गादीवर, आईला मधुमेह. २० अधिक १० अधिक ३० अधिक १० म्हणजे ७०. त्याने रोज चालायला सुरुवात केली की ६०. वर्षभरात कंबर ९० च्या आत आणली की ५०. वय आणि आई हे दोन रकाने त्याच्या हातात नाहीत, पण उरलेल्या दोन रकान्यांतून वीस गुण खाली आले आणि माणूस मोठ्या धोक्यातून मध्यम धोक्यात आला.

याला पुरावाही आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने प्री-डायबेटिसमधील ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातले ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेहात गेले. ज्यांच्या आहाराकडे आणि रोजच्या किमान अर्धा तास चालण्याकडे पाठपुरावा करून लक्ष दिले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरी धोका कमी झाला. काटा हलत नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चालण्याला व्हॅक्सिन डेपोच लागतो असेही नाही. दुपारी-रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे गल्लीत फेऱ्या मारल्या तरी जेवणानंतर उसळणारी साखर कमी होते. वामकुक्षी त्यानंतर घ्या की!

आता ताटाकडे. भात सोडून भाकरी सुरू केली की काम झाले, असे बरेच जण मानतात. २०२५ मध्ये त्याच देशव्यापी पाहणीतून आलेला निष्कर्ष वेगळे सांगतो. आपल्या जेवणातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. ते एकूण प्रमाण कमी न करता नुसते तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणले तर धोका घटत नाही. म्हणजे दोन वाट्या भाताऐवजी तीन भाकऱ्या चेपल्या तर हिशेब तिथेच. भाकरी चांगलीच, पण एक कमी करून त्या जागी उसळ, डाळ, ताक, अंडे किंवा मासा आला पाहिजे. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे. हे गोव्यातल्या शीत-कडीला लागू आहे, इंदूरच्या पोहे-जिलबीलाही. पोह्यांत मोड आलेली मटकी घाला, जिलबी रविवारी. कुंदा बेळगावकरांनी सोडावा असे कोण म्हणणार, पण पाहुण्यांसाठी आणलेला पाव किलोचा डबा घरातच संपतो, ते तेवढे बघा.

चहा मात्र रोजचा. कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ ग्रॅम. दिवसाला पाच कप, म्हणजे ४० ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास, वर्षाला साडेचौदा किलो. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेली बरी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘आम्ही गुळाचा पितो’ म्हणणाऱ्यांनाही सूट नाही, गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जीभ कुरकुर न करता बदलते.

तंबाखूचेही बोलले पाहिजे, विशेषतः निपाणी पट्ट्यात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मधुमेहाचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असतो. झोप सतत अपुरी राहिली तरी साखरेवर परिणाम होतो; रात्रपाळीवाल्यांनी तपासणी टाळू नये.

गरोदरपणात ज्यांची साखर वाढली होती, त्या बायकांची साखर बाळंतपणानंतर उतरते आणि विषय विसरला जातो. पुढे त्यांना मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. घरच्यांनी बाळाच्या लसीची तारीख जशी लक्षात ठेवली, तशी तिच्या तपासणीचीही ठेवावी.

ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांनी चालणे-खाणे सुधारले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताई घरी येऊन वय, कंबर, तंबाखू, घरातले आजार असे प्रश्न विचारून एक फॉर्म भरतात. तो कन्नडमध्ये असेल तर नुसती सही करून मोकळे होऊ नका. कंबर टेपने मोजायला लावा, बेरीज किती आली ते मराठीत विचारून घ्या आणि चारच्या वर असेल तर तपासणीला कधी यायचे ती तारीख लिहून घ्या.