गुग्गुळ, पित्त आणि पेशीतले पहारेकरी

गुग्गुळ मराठी घरांना दोन प्रकारे ठाऊक आहे: संध्याकाळच्या धुपाचा वास म्हणून आणि सांधेदुखीवरची योगराज गुग्गुळाची गोळी म्हणून. त्याची तिसरी ओळख बनारस हिंदू विद्यापीठात झाली. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन वाचून जी. व्ही. सत्यवती यांनी, १९६६ च्या आपल्या प्रबंधासाठी, कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांना गुग्गुळ दिला. सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून औषध बनवले. पण गुग्गुळ नेमके करतो काय?

त्यासाठी पेशीच्या केंद्रकात डोकवावे लागते. कोलेस्टेरॉल हा शरीराचा शत्रू नव्हे. पेशींचे आवरण, अनेक संप्रेरके आणि पित्त त्यातूनच घडते. मात्र जादा झालेले कोलेस्टेरॉल साखरेसारखे जाळून टाकता येत नाही. यकृतात त्याची पित्ताम्ले करणे हा त्याच्या निचऱ्याचा एक प्रमुख मार्ग आहे.

या साठ्यावर पहारा ठेवतात ती 'केंद्रकीय ग्राही' नावाची प्रथिने. माणसात ती ४८ आहेत. विशिष्ट रेणू येऊन चिकटला की ती ठरावीक जनुकांचे काम वाढवतात किंवा रोखतात. पेशीत कोलेस्टेरॉल साचले की त्यापासून बनलेले ऑक्सिस्टेरॉल 'एलएक्सआर' या ग्राहीला जागे करते आणि कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारे पंप वाढतात. 'एफएक्सआर' हा दुसरा ग्राही पित्ताम्लांवर लक्ष ठेवतो, हे १९९९ मध्ये कळले. पित्ताम्ले साबणासारखी असतात; फार झाली तर यकृतालाच इजा करतात. म्हणून ती वाढली की एफएक्सआर त्यांचे उत्पादन थांबवतो.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले, की गुग्गुळातील गुग्गुलस्टेरॉन एफएक्सआरला अडवतो. साध्या उंदरांच्या यकृतातील कोलेस्टेरॉल त्याने घटले. एफएक्सआर नसलेल्या उंदरांत घटले नाही. पहारेकरी गप्प झाला की पित्त जास्त बनणार आणि कोलेस्टेरॉल खर्ची पडणार, असा हा सरळ हिशेब होता.

पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीने तो उलटवला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ जणांवर ती आठ आठवडे चालली. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल ५ टक्के उतरले, तर गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्के चढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

असे का व्हावे? उंदराच्या रक्तातील बरेचसे कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असते, आपले मुख्यतः एलडीएलमध्ये. गुग्गुलस्टेरॉन इतर ग्राहींनाही चिकटतो. शिवाय एकेका ग्राहीकडे अनेक खाती असतात. एलएक्सआर जागवणाऱ्या रेणूंनी कोलेस्टेरॉलचा निचरा वाढतो खरा. पण तोच ग्राही चरबी बनवण्याचाही हुकूम देतो, म्हणून प्रयोगातल्या उंदरांच्या यकृतात चरबी साचली. एफएक्सआरला जागवणारे ओबेटिकोलिक आम्ल २०१६ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एका दुर्मीळ विकारासाठी मंजूर झाले, तेव्हा त्यानेही रुग्णांचे एलडीएल वाढवले होते.

म्हणजे सत्यवतींचा प्रश्न चुकीचा होता असे नाही. त्या प्रश्नामुळेच संशोधक या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचले. पण औषध कसे काम करते हे कळणे वेगळे आणि ते माणसाला उपयोगी पडते हे सिद्ध होणे वेगळे. डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी बंद करून गुग्गुळाकडे वळण्यापूर्वी आपणही हा फरक ध्यानात ठेवायला हवा.