औषधाचे दुकान बदलताना: चिठ्ठी रुग्णाच्या हाती, दक्षता सर्वांची

नोकरीनिमित्त बेंगळूरूच्या पूर्व भागात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांमध्ये आता आई-वडीलही राहावयास येत आहेत. जुना विमानतळ रस्ता आणि बाह्यवर्तुळ मार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या मारतहळ्ळी परिसरात घर अकरा महिन्यांच्या करारावर घ्यावयाचे आणि करार संपला की कुंदलहळ्ळी किंवा दोड्डनेकुंदीकडे सरकावयाचे, हा भाडेकरूंचा नित्याचा क्रम आहे. घर बदलले की दूधवाला बदलतो, शाळेची गाडी बदलते आणि औषधाचे दुकानही बदलते. यातील शेवटचा बदल वरकरणी किरकोळ वाटतो. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा अपस्मार यांसारख्या दीर्घकालीन विकारांच्या रुग्णांसाठी मात्र तो तसा नसतो.

वर्षानुवर्षे एकाच दुकानातून औषधे नेणाऱ्या रुग्णाची बरीच माहिती त्या विक्रेत्याच्या स्मरणात असते. कोणती गोळी मानवली नाही, कोणत्या कंपनीची चालते, वडिलांना अॅस्पिरिन का देत नाहीत, हे कोठेही लिहिलेले नसते. दुकान बदलले की ही अलिखित माहिती मागे राहते. नव्या दुकानदारासमोर असतो तो केवळ एक कागद. म्हणून तो कागद काय सांगतो आणि कायदा त्याबाबत काय म्हणतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

चिठ्ठी हस्तांतरित होत नाही

ब्रिटनमध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्ण आपल्या पसंतीचे औषधालय नोंदवतो आणि डॉक्टरांची इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी थेट तेथे जाते. औषधालय बदलावयाचे असल्यास ही नोंद बदलावी लागते. अमेरिकेत एका औषधालयाकडील शिल्लक चिठ्ठी दुसऱ्याकडे वर्ग करण्याची पद्धत आहे. नियंत्रित औषधांची इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी पहिल्या खरेदीसाठी एकदाच दुसऱ्या औषधालयाकडे पाठवण्याची मुभा देणारा नियम तेथे २८ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाला.

भारतात अशी देवघेव होत नाही. चिठ्ठी रुग्णाच्याच हातात राहते आणि ती घेऊन तो कोणत्याही परवानाधारक दुकानात जाऊ शकतो. त्यामुळे जुन्या दुकानाची अनुमती घेण्याचा किंवा तेथून नाव कमी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु त्याचबरोबर, रुग्णाची माहिती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात आपोआप पोहोचत नाही. ती पोहोचवण्याचे काम रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांनाच करावे लागते.

पुण्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी बेंगळूरूत चालेल काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर नोंदणीकृत डॉक्टरांची स्वाक्षरी व दिनांक असावा, रुग्णाचे नाव व पत्ता असावा आणि औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा नमूद असावी. या अटींत राज्याच्या सीमेचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात अडचण येते ती अपुऱ्या चिठ्ठीची. ‘पूर्वीप्रमाणेच चालू ठेवा’ एवढाच शेरा असलेला कागद ओळखीच्या दुकानात चालून जातो; नव्या दुकानात तो पुरेसा ठरत नाही.

एकच चिठ्ठी किती वेळा?

याच नियमात आणखी एक तरतूद आहे, तिची माहिती फारच थोड्यांना असते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. किती वेळा किंवा किती अंतराने द्यावे हे लिहिले असेल, तर त्याप्रमाणेच द्यावे लागते. औषध दिल्यावर विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व दिनांक चिठ्ठीवर नोंदवणे अपेक्षित असते. चिठ्ठीवरील जुन्या दुकानाचा शिक्का पाहून नवा विक्रेता प्रश्न विचारतो, तो या कारणाने. त्याला आडमुठेपणा समजणे योग्य नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे गाव सोडण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ताजी चिठ्ठी घेणे आणि ती किती महिने चालावयाची आहे, हे त्यांच्याकडूनच लिहून घेणे. ते राहून गेले असल्यास दूरवैद्यक सेवेचा पर्याय आहे. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरांना देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णाला दूरध्वनी वा दृक्‌श्राव्य माध्यमातून सल्ला देण्याची मुभा दिली. परिशिष्ट एक्समधील आणि अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतील औषधे मात्र या तत्त्वांनी अशा सल्ल्यातून वगळली.

काही औषधांच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत. परिशिष्ट एच-१ हे १ मार्च २०१४ पासून अमलात आले. त्यात अनेक प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे, तसेच अल्प्राझोलाम, झोल्पिडेम व ट्रॅमाडॉल यांसारखी सवय लावू शकणारी औषधे आहेत. यांची विक्री करताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहावे लागते व ती वही तीन वर्षे जपावी लागते. परिशिष्ट एक्समधील औषधांसाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि त्यांतील एक विक्रेता दोन वर्षे स्वतःकडे ठेवतो. झोपेची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाने चिठ्ठी न घेता नव्या दुकानात जाणे म्हणूनच व्यर्थ ठरते.

नाव बदलले, औषध तेच?

दुकान बदलताना होणारी सर्वांत मोठी गफलत कंपनीच्या नावाची असते. जुन्या दुकानातील नाव नव्या दुकानात मिळत नाही आणि ‘यातही तेच आहे’ असे सांगून दुसरे पाकीट पुढे केले जाते. परिशिष्ट एच व एक्समधील औषधांच्या बाबतीत, चिठ्ठीत लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध विक्रेत्याला स्वतःच्या अधिकारात देता येत नाही. घटक तेच असले तरीही. डॉक्टरांनी मूळ घटकाच्या नावाने चिठ्ठी लिहिली असेल, तर मात्र त्या घटकाचे कोणत्याही कंपनीचे औषध देता येते.

बहुतेक औषधांत कंपनी बदलल्याने फरक पडत नाही. काही थोड्या औषधांत मात्र रक्तातील प्रमाण किंचित हलले तरी परिणाम जाणवतो. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. तिची कंपनी बदलल्यास सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी रक्ततपासणी करून घेणे हितावह असते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन हेही याच प्रकारातले. अपस्मारावरील औषधांची ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये तीन गटांत विभागणी केली आणि फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांच्या रुग्णांना एकाच उत्पादकाचे औषध देत राहावे, असा सल्ला दिला.

नावापुढील अक्षरांकडेही लक्ष द्यावे लागते. मेटफॉर्मिनची साधी गोळी आणि ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी यांत घटक एकच असला तरी शरीरात औषध सुटण्याची गती वेगळी असते. हळूहळू विरघळणारी गोळी सर्वसाधारणपणे चावून वा कुटून घ्यावयाची नसते.

सर्वांत धोकादायक चूक घरात घडते. गावाहून आणलेली जुनी पाकिटे डब्यात असतात, त्यांत नव्या नावाची पाकिटे येऊन पडतात आणि ज्येष्ठ व्यक्ती दोन्ही घेऊ लागते. एकच औषध दोन नावांनी पोटात गेल्याने रक्तदाब किंवा साखर अचानक घसरू शकते. नवे पाकीट घरात आले की दोन्ही पाकिटांवरील मूळ घटक आणि मिलिग्रॅम ताडून पाहणे, हा यावरील उपाय आहे.

इन्सुलिनबाबत विशेष काळजी

भारतात इन्सुलिनची कुपी बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० एकके या शक्तीची असते, तर पेनमध्ये वापरावयाच्या नळीत १०० एकके असतात. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० शक्तीच्या सिरिंजने १०० शक्तीचे इन्सुलिन १० एककांच्या खुणेपर्यंत ओढले, तर प्रत्यक्षात २५ एकके शरीरात जातात. याच्या उलट केल्यास १० ऐवजी चारच एकके मिळतात. पहिल्या चुकीत साखर धोकादायकरीत्या उतरते, दुसरीत ती वाढतच राहते. नव्या दुकानातून पहिल्यांदा इन्सुलिन घेताना कुपी आणि सिरिंज या दोन्हींवरील आकडा मोठ्याने वाचून खात्री करावी.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते. दुकानात शीतकपाट अखंड चालते का, बर्फाची पिशवी मिळते का, हे विचारण्यात संकोच नसावा. बाह्यवर्तुळ मार्गावरील वाहतूक कोंडीत दुचाकीच्या डिकीत ठेवलेली कुपी किती तापेल, याचाही विचार व्हावा. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत या मार्गाचे काही भाग पाण्याखाली गेले होते. चालत जाता येईल असे एक दुकान परिचयाचे असणे अशा दिवसांत उपयोगी पडते.

किंमत आणि जनऔषधी

दुकान बदलण्यामागे अनेकदा किंमत हेही कारण असते. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांची देशातील संख्या जानेवारी २०२५ मध्ये १५ हजारांवर पोहोचली. तेथील औषधे नामांकित कंपन्यांच्या तुलनेत साधारणतः ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे केंद्र सरकार सांगते. तेथे औषधे मूळ घटकाच्या नावाने मिळतात. म्हणून चिठ्ठी त्याच नावाने लिहून घेतल्यास काम सुकर होते. कोणत्याही दुकानात सुट्या गोळ्या घेतल्यास त्यांचा दर संपूर्ण पाकिटाच्या प्रमाणातच आकारता येतो, अशी तरतूद २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात आहे.

सोबत काय न्यावे?

नव्या दुकानात पहिल्यांदा जाताना ताजी चिठ्ठी, चालू औषधांची रिकामी किंवा अर्धी पाकिटे, जुन्या दुकानाचे शेवटचे बिल आणि न मानवणाऱ्या औषधांची यादी जवळ असावी. बिलावर समूह क्रमांक व मुदतीचा दिनांक असतो. तो पुढेही उपयोगी पडतो. शक्यतो आठवडाभराचा साठा शिल्लक असतानाच दुकान बदलावे, म्हणजे एखादे औषध मागवावे लागले तरी खंड पडत नाही.

दुकानात बोलावयाचे ते नोंदणीकृत फार्मासिस्टशी. २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हा फार्मासिस्टच्या कर्तव्याचा भाग ठरवला आहे. भाषेची अडचण मारतहळ्ळीत सहसा भासत नाही, तरीही एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मराठीत ‘मात्रा’ म्हणजे औषधाचे प्रमाण. कन्नडमध्ये ‘मात्रे’ म्हणजे गोळी. ‘१-०-१’ असे आकड्यांत लिहिलेले वेळापत्रक दोन्ही भाषांत सारखेच वाचले जाते. म्हणून पाकिटावर ते लिहून घेणे श्रेयस्कर.

नव्या औषधाने पुरळ, चक्कर किंवा अन्य त्रास जाणवल्यास प्रथम डॉक्टरांशी संपर्क साधावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

जुन्या दुकानदाराला जे तोंडपाठ होते, ते नव्याला कागदावर दाखवावे लागते. रुग्णाचे नाव, विकार, औषधांचे मूळ घटक, प्रमाण आणि वेळ एवढे एका पानावर लिहून चिठ्ठीला जोडले, तर पुढच्या अकरा महिन्यांनी पुन्हा घर बदलतानाही तेच पान उपयोगी पडेल.