हिवाळ्यातील उंदरांचा बंदोबस्त

मार्गशीर्षात खळी आटोपून शेते उघडी पडली व रात्रीचा गारठा वाढला, की देशावरचे उंदीर अन्नाच्या व उबेच्या शोधार्थ घरांत दाखल होतात. त्यांच्यासाठी विष पेरणे लोकप्रिय असले, तरी प्रवेशमार्ग बुजविणे हाच खरा बंदोबस्त होय. लहान उंदरास सहा-सात मिलिमीटरांची, म्हणजे पेन्सिल जेमतेम शिरेल एवढी, फट पुरते. आणि त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने लाकूड वा चिंध्या तो सहज कुरतडतो, यास्तव मोरीच्या नळाभोवतीची भोके काचेचे तुकडे मिसळलेल्या सिमेंटाने लिंपावीत. आधीच आत शिरलेल्यांसाठी पिंजरा लावावा; पण मोठा उंदीर नव्या वस्तूविषयी विलक्षण संशयी. म्हणून पिंजरा प्रथम दोन-तीन रात्री, भाकरीचा तुकडा घालून, नुसताच उघडा ठेवावा. विष खाल्लेला उंदीर माळ्यावर नेमका कोठे कुजतो आहे, याचा तपास मात्र निष्णात फौजदारासही लागणे कठीण.