इंजिन थांबल्यावर उरते ती उंची

मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभारले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांपुढे आले, २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची अनुमती मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या विमानपट्टीवर त्याची चाचणी झाली. अशा घरबांधणीच्या विमानाविषयी सर्वसाधारण माणसाची पहिली शंका एकच असते : वर असताना इंजिन बंद पडले तर?

विमान दगडासारखे खाली येत नाही. त्याला अधांतरी धरतात ते पंख. इंजिन त्याला पुढे ओढण्याचे काम करते. ही ओढ नाहीशी झाली की वैमानिकाने नाक किंचित खाली करून वेग राखावयाचा असतो. लहान विमान साधारणपणे एक मीटर उंची खर्ची घालून आठ-नऊ मीटर पुढे सरकते. मात्र हे एका ठराविक वेगालाच साधते. अंतर वाढविण्याच्या मोहाने नाक वर उचलले, तर विमान अधिक दूर न जाता लवकर खाली येते आणि शेवटी पंखांचा आधारच सुटतो.

कारखान्यात तयार झालेल्या विमानाच्या पुस्तिकेत हा वेग छापलेला असतो. स्वतः बांधलेल्या विमानाला अशी तयार पुस्तिका नसते. ती त्याच्या चाचण्यांतूनच लिहावी लागते. यासाठी विमानपट्टीच्या वर पुरेशी उंची गाठून, इंजिन मंद करून, निरनिराळ्या वेगांना दर मिनिटास किती उंची घटते हे नोंदवितात. तथापि मंद चालणारे इंजिन आणि बंद पडलेले इंजिन यांत फरक आहे. वाऱ्याने फिरत राहिलेला पंखा विमानाला मागे खेचतो. म्हणून कागदावरील आकड्यातून काही भाग वजा धरणे शहाणपणाचे.

सिंधुदुर्गातील तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव घेऊ. येथूनच वैभववाडी आणि करूळ घाटामार्गे कोल्हापूरचा रस्ता फुटतो. त्याच्यावर ९०० मीटर उंचीवर इंजिन थांबले, तर ताशी ११० किलोमीटर वेगाने हाती जेमतेम चार मिनिटे राहतात. शेवटची ३०० मीटर उंची जागेभोवती वळून उतरण्यासाठी राखली, तर आठास एक या प्रमाणाने ४.८ किलोमीटरचा टप्पा उरतो. ताशी ३० किलोमीटरचा समोरचा वारा असल्यास तोही साडेतीनवर येतो. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला. पण तो येथून सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटर आहे. तेथवर तरंगत जाण्यास सव्वासहा हजार मीटर उंची लागेल. ती लहान विमानाकडे सहसा नसते.

म्हणजे विमानतळाचा भरवसा येथे नाही. जागा गावकुसाबाहेरच शोधावयाची आणि तीही इंजिन चालू असतानाच. कोकणात हे सोपे नाही. जांभ्याचा सडा वरून मैदानासारखा दिसतो, पण त्यावर गडगे असतात, चिऱ्याच्या खाणींचे खड्डे असतात आणि पावसाळ्यात गवत दोन्ही झाकते. भाताचे मळे सपाट खरे; आषाढ-श्रावणात तेथे चिखल आणि कापणीनंतर आडवे बांध. आंब्या-काजूच्या बागा टाळणे भागच आहे. विजेच्या तारा तर वरून दिसतच नाहीत, खांब पाहूनच त्यांचा अंदाज बांधावा लागतो. दुपारी वारा बहुधा समुद्राकडून येतो. तेव्हा पश्चिमेकडे तोंड करून, मळ्याच्या लांबीला धरून उतरणे बरे.

सर्वांत घातक क्षण उड्डाणानंतर लगेचचा. अल्प उंचीवर इंजिन थांबताच मागे पट्टीकडे वळण्याची ऊर्मी होते आणि अनेक अनुभवी वैमानिकही या वळणात गेले आहेत. पंख ४५ अंश कलला की आधार सुटण्याचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. परत वळण्यास किती उंची खर्ची पडते हे चाचणीत मोजून, त्यापेक्षा खाली असल्यास समोरच, थोडे डावे-उजवे करून उतरावयाचे. हा निर्णय चाके सुटण्यापूर्वी, जमिनीवर असतानाच झालेला हवा.

गावाच्या वाट्यालाही काही काम येते. विमान मळ्यात उतरल्यास आतील माणसांना बाहेर काढावे, पेट्रोल सांडलेले असेल या जाणिवेने विडी-काडी दूर ठेवावी, गर्दी हटवावी आणि पोलिसांना ११२ वर कळवावे. माणसे सुटल्यावर विमानाचे भाग हलवू नयेत; तपासणी अधिकाऱ्यांना ते जागच्या जागी पाहावयाचे असतात.