डोळ्यांतील औषधाचे थेंब आणि पापणीचे वावडे

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली. जळगाव जिल्हाही तिच्यातून सुटला नाही. अशा वेळी असोद्यासारख्या गावात शेजाऱ्याची उरलेली बाटली मागून आणली जाते, किंवा जळगावला जाणाऱ्याकडून दुकानातले थेंब मागवले जातात. वास्तविक अशी साथ बहुधा विषाणूची असते व ती एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. परंतु काहींच्या डोळ्यांची लाली उतरते आणि पापण्याच सुजू लागतात, खाजतात, त्यांचा कोंडा निघतो. औषध कमी पडले असे समजून आपण थेंब वाढवतो, आणि त्रासही वाढतो. येथे औषधाचेच वावडे, म्हणजे ॲलर्जी, असू शकते.

हे कसे घडते? पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असते. थेंबांतील निओमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा औषध टिकावे म्हणून घातलेले बेन्झाल्कोनियम क्लोराइड तिच्यात शिरते. शरीराच्या संरक्षक पेशी त्या द्रव्याला शत्रू समजून लक्षात ठेवतात. या पहिल्या ओळखीला साधारण १० दिवस ते काही आठवडे लागतात. पुढे तेच औषध पुन्हा पडले की १ ते ३ दिवसांत खाज सुरू होते. म्हणून "मागे हेच औषध सोसले होते" हा भरवसा धरू नये. निओमायसिन न सोसणाऱ्याला जेन्टामायसिनही बाधू शकते.

खाज ही याची मुख्य खूण. थेंब गालावर ओघळतो तेथेही लाल चट्टा उठतो. मात्र पू, तीव्र वेदना किंवा अंधुक दिसणे असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

उपाय सोपा आहे. स्वतःच्या मनाने सुरू केलेले थेंब थांबवावेत व बाटली डॉक्टरांना दाखवावी. काचबिंदूचे थेंब मात्र विचारल्याशिवाय बंद करू नयेत. त्या रोगात गेलेली दृष्टी परत येत नाही. डॉक्टर दुसरे औषध देऊ शकतात. स्टेरॉइडचे थेंब दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांच्या दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ संशयित द्रव्ये पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात.

वावडे ठरलेल्या औषधाचे नाव वहीत लिहून ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना आधी सांगावे. घरातील वृद्धांसाठी ही नोंद शिकणाऱ्या मुलामुलींनी अवश्य करून द्यावी.