देवळाली इंग्रजी डिक्शनरीत कशी पोचली?

लंडनमधला एखादा माणूस कुणाला 'डुलाली' म्हणाला, तर तो नकळत आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं नाव घेत असतो. अर्थ? 'याचं डोकं फिरलंय!'

झालं असं. १८६१ पासून देवळालीत ब्रिटिश फौजेचा ट्रान्झिट कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले सैनिक इथे येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघायचे. जहाजं ठरावीक हंगामातच सुटायची, त्यामुळे मुक्काम कधीकधी काही महिने लांबायचा. हाताला काम नाही, वर ऊन, हिवताप आणि दारू. काहीजण खरंच बिथरायचे. सैनिकांनी त्याला नाव दिलं 'डुलाली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नव्हे बरं का, आपला ताप! पुढे ताप गळून पडला, नुसतं 'डुलाली' उरलं.

इंग्रजांना हसण्याआधी एक आठवा. आपणही 'ह्याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पाठवा' असं सहज म्हणतोच की! पण तिथे निदान मनोरुग्णालयं तरी आहेत. देवळालीत माणसं बिथरली ती घरच्या वाटेवर अडकून पडल्यामुळे, आणि नाव खराब झालं गावाचं.