लहान घरात खिडकी मोकळी ठेवा

दापोडीत एका खोलीत पाच-सहा माणसांचे कुटुंब राहते, अशी घरे आपण रोज पाहतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत (शहरी) दुर्बल घटकांचे घरही साधारण 30 चौरस मीटरपर्यंतच होते, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. तिथे मोठा दिवाण आणि कपाट खिडकीला टेकले की हवा अडते. क्षयरोगाचे जंतू खोकल्यातून पसरतात आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून फर्निचर घेताना आधी खिडकी पाहा.

विद्यार्थिदशेत बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. ते लवकर झोपत आणि वडील रामजी त्यांना रात्री दोनला अभ्यासाला उठवत. एकच जागा वेळ वाटून वापरली जाई. घडीचे फर्निचर आज हेच काम सोपे करते.

• भिंतीला बिजागरीने दुमडणारे टेबल लावा. बसल्यावर मुलाचे कोपर टेबलाच्या पातळीला यावे.
• उभा होणारा पलंग पक्क्या भिंतीतच बसवा, पार्टिशनला नको. कडी हवीच.
• बजेट कमी असेल तर घडीची खाट पुरते.
• कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा. ओल धरणार नाही.
• चाकणहून रात्रपाळी करून आलेल्यासाठी खाटेभोवती जाड पडदा लावा, पण खिडकी उघडीच ठेवा.

घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. ती लांबवू नका.